मेलेल्यांना शिंपी नसतो

माझ्या दादाच्या सैन्यात एकही तिरंदाज नाही, आणि म्हणून तो निम्म्याहून जास्त डाव हरतो. सैन्य मेलेल्यांचं आहे. सांगाडे, जमिनीतून उठलेले. मेलेल्यांनी बाण मारू नयेत असा काही नियम खेळात नाही. मी एकदा विचारलं तर त्याने मलाच उलट विचारलं, "धनुष्याची दोरी कशाची असते?"

"मला काय माहीत? दोरीची."

"आतड्याची, नाहीतर सुताची. जमिनीत टिकते का? नाही टिकत. मग तो बिचारा बाण सोडणार कशाने?"

दादा दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. दिवसभर मेण, प्लास्टर आणि परक्या माणसांचे जबडे. एवढ्याने पोट भरत नाही म्हणून की काय, सुट्टीच्या दिवशी तो बोटाएवढे सैनिक घेऊन बसतो. मोठ्या टेबलावर दोन सैन्यं मांडायची, पट्टीने अंतर मोजून पुढे सरकवायची, फासा टाकून कोण पडलं आणि कोण वाचलं ते ठरवायचं, असा तो खेळ. लग्न केलं नाही, घर माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी, आणि जेवणाच्या टेबलावर कायम युद्ध. आम्ही दोघं कित्येक वर्षं मांडीवर ताट घेऊन जेवतोय.

हा खेळ खेळणारे इतर लोक आपल्या सांगाड्यांना चकचकीत तलवारी देतात आणि वर काळा झेंडा, त्यावर कवटी. ती कवटी पाहिली की दादाचं डोकं फिरतं. "कवटीची भीती जिवंत माणसाला. ज्याच्या खांद्यावर कवटीच आहे तो ती झेंड्यावर कशाला काढेल? तू शिवलेल्या कपड्यांवर स्वतःचं तोंड भरतेस का?"

त्याचं म्हणणं असं, की मेलेल्याच्या हातात काय आहे हे तो मेला कसा आणि पुरला कसा यावरून ठरतं. लढाईत पडलेल्या साध्या शिपायाचे बूट, शिरस्त्राण, बरी तलवार हे सगळं जिंकणारे काढून नेतात. त्याच्याकडे उरतो मोडका भाला. सरदाराला मात्र मानाने पुरतात, म्हणून तो उठतो तेव्हा नखशिखान्त चिलखतात. त्यातही कापड आधी जातं, मग चामडं. चामड्याचे पट्टे गेले की चिलखत अंगावर बसत नाही, एका खांद्यावरून लोंबतं. मग ढालीचं लाकूड जातं आणि मधली लोखंडी वाटी तेवढी राहते. ढालीवर रंगवलेलं राजचिन्ह लाकडाबरोबर मातीत. दादा प्रत्येक सांगाड्याच्या बाबतीत हे पाळतो. कुणी बघत नाही तिथेही पाळतो, आणि हा त्याचा अट्टहास बघून मला कधीकधी त्याला गदागदा हलवावंसं वाटतं.

त्याच्या निशाणवाल्यांच्या हातात नुसत्या काठ्या आहेत. मला ते बघवेना. मी हौसेने म्हटलं, चिंध्यांतून इवलेइवले झेंडे शिवून देते. तर म्हणाला, "मेलेल्यांना शिंपी नसतो." मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. मग न राहवून विचारलं, झेंडाच नाही तर काठी कशाला नाचवतात? "सवय," तो म्हणाला. "सगळं गेलं तरी हाताची सवय जात नसावी."

त्याच्याशी खेळायला येणाऱ्या एकच. आमच्या खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान होतं, त्या दुकानाच्या मालकीणबाई. मी त्यांना ताई म्हणते, दादा बाई म्हणतो आणि त्या त्याला दातवाले म्हणतात. त्यांचं सैन्य जिवंत माणसांचं. पिवळ्या निशाणावर निळा खंड्या पक्षी. घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून त्यांनी एकेक सैनिक स्वतः रंगवलेला, मिशांसकट.

नियम त्यांनीच काढलेला: "माझा जो पडेल तो तुमचा." पडलेला सैनिक पुन्हा त्यांच्या डब्यात जायचा नाही. दादा त्याला घेऊन बसायचा, रंग खरवडायचा, मांस कोरून काढायचा, क्रमाने सगळं कुजवायचा आणि आपल्या रांगेत उभा करायचा. पुढच्या वेळी तोच सैनिक त्यांच्यावर चालून यायचा. ताई तेवढे नवे रंगवायच्या. दोघांना यात काय आनंद मिळायचा ते त्यांनाच ठाऊक, पण मिळायचा खरा.

मग ताईंचे डोळे गेले. हळूहळू, आधी कडा, मग मधलं. शेवटी रंगवला तो निशाणवाला. टूथपेस्टच्या जुन्या नळीचा पत्रा कापून झेंडा केला, आणि त्यावरच्या खंड्याच्या डोळ्यात पांढरा ठिपका दिला. त्यानंतर कुंचला हातात धरला नाही. दुकान बंद झालं. खेळ मात्र बंद झाला नाही. सैनिक त्या बोटांनी ओळखायच्या, अंतर दादा मोजून सांगायचा, फासा त्या डब्याच्या झाकणात टाकायच्या आणि आकडा दादा वाचायचा. नियम आता तरी सोडू या, असं दादा एकदा म्हणाला. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नवे सैनिक येणं थांबलं होतं, पडणं थांबलं नव्हतं. होता होता निशाणवाला आणि त्याच्याभोवतीचे मूठभर, एवढंच सैन्य राहिलं.

त्या दिवशी ताई येण्याआधी मी दादाला गाठलं. "आज निशाणवाल्याच्या वाटेला जाऊ नकोस. दुसऱ्या कुणालाही मार."

"मेलेले समोर कोण आहे ते बघून मारत नाहीत."

"तुझं तत्त्वज्ञान घाल चुलीत. त्यांच्या हातचं शेवटचं आहे ते."

तो आपल्या सरदाराच्या पायाखालची धूळ फुंकत बसला. ताई आल्यावर मी त्यांनाही गळ घातली, निशाणवाला डब्यातच राहू द्या म्हणून. त्या हसल्या. "निशाण घरी ठेवून लढाईला जातात होय गं?"

डाव सुरू झाला. पलीकडच्या टोकाचा पूल गाठला की ताई जिंकणार होत्या. मशीनवर बसून मी शिवण्याचं नाटक करत होते. एकाच जागी टाके पडत होते. ताईंची माणसं भराभर पुढे सरकली, दादाच्या दोन रांगा फुटल्या, आणि मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात दादाने सरदार बाजूने काढला. पट्टी टाकली. अंतर बरोबर बसत होतं. त्याने पुन्हा मोजलं. तरीही बसत होतं.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"सरदार तुमच्या निशाणवाल्याला भिडतोय."

"मग भिडू दे की."

त्याचा वार लागला. आता वाचायचं तर ताईंना चार किंवा त्याहून जास्त पडायला हवे होते. त्यांनी फासा तळहातात घोळवला आणि झाकणात टाकला. तो कडेला आपटला, फिरला आणि थांबला. मी उठून बघितलं. दोन.

दादानेही बघितलं. या माणसाने आजवर अर्धं बोट अंतरही खोटं सांगितलेलं नाही. तो फाशाकडे बघत राहिला.

"चार," तो म्हणाला.

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत धपाटाच घालणार होते. पण ताई हलल्या नाहीत. हात मांडीवर तसेच.

"दातवाले, चार मोजायला इतका वेळ?"

त्यांचा हात टेबलावर आला, झाकणाची कड शोधत पुढे सरकला. फाशावरचे ठिपके कोरलेले असतात, बोटाला सहज कळतात. इतक्या डावांत त्यांनी एकदाही चाचपून पाहिलं नव्हतं. दादाला फासा पालथा करता आला असता. वेळ होता. त्याचा हात थोडा उचललाही गेला, आणि तिथेच राहिला. ताईंचं बोट फाशावर टेकलं. एक खळगा. दुसरा. तिसरा त्यांनी शोधला, मग बोट काढून घेतलं.

"माझी दृष्टी गेली तेव्हा तुम्ही गळा काढला नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून मी इथे येत राहिले. बाकी घरोघर मला खुर्चीत बसवतात, हातात पेला देतात, आणि माझ्याबद्दल माझ्यासमोर एकमेकांशी बोलतात. या एका टेबलावर मला कुणी कीव करून सोडत नव्हतं. आता तुम्हीही सोडायला लागलात."

"बाई, मला..." दादा म्हणाला. "मला जमेना हो."

"तुम्हाला जमत नसेल तर मी करते. सुरी द्या."

"डाव संपल्यावर बघू."

"आत्ता."

मी मध्ये पडणार होते. दादाने मला डोळ्यांनी दटावलं, सुरीची मूठ पुढे करून ती ताईंच्या हातात दिली. त्यांनी निशाणवाला उचलला, डाव्या चिमटीत धरला. एके काळी त्याच चिमटीत घड्याळांची चाकं धरायच्या.

"काय जातं आधी? सांगा."

ज्याने सबंध सैन्य कुजवलं, त्या दादाच्या तोंडून एक शब्द निघेना.

"दातवाले."

"कापड," तो म्हणाला.

त्यांनी नखाने झेंड्याची कड शोधली. थोडं थांबल्या. "खंड्याचा डोळा आहे का अजून?"

"आहे, ताई," मी म्हटलं. "चांगला टपोरा आहे."

"बरा साधला होता." आणि सुरी फिरली. पत्रा टचकन तुटून माझ्या पायाशी पडला. मी उचलायला वाकले तशी त्या म्हणाल्या, "राहू दे गं. कापड टिकत नाही." मला रडू आवरेना. दादावर, ताईंवर, त्या मेल्या खेळावर, सगळ्यांवर संताप आला होता.

"पुढे?"

"चामडं."

कमरेचा पट्टा त्यांनी खरवडून काढला. पिवळा भुगा बोटांवर बसला.

"मग लाकूड," दादा आपणहून म्हणाला. ढाल त्यांनी मोडली, मधली वाटी तेवढी ठेवून. त्याच्याइतकीच नीट.

"गंज तुम्ही चढवा," त्या म्हणाल्या. "रंगाचं काम आता माझं नाही." मग त्यांनी हाताने चाचपत दादाची पहिली रांग शोधली, दोन सांगाड्यांमध्ये जागा केली, आणि नुसती काठी धरलेला आपला माणूस तिथे उभा केला, आपल्याच उरलेल्यांकडे तोंड करून. बोटं पदराला पुसली.

"पाळी कुणाची?"

"माझी," दादा म्हणाला. त्याने बाहीने डोळे पुसले, सरदार पुढे सरकवला आणि फासा टाकला. ताई मान तिरपी करून ऐकत होत्या.

"पाच," तो म्हणाला.

ताईंनी पडलेला आणखी एक सैनिक उचलला आणि दादाच्या हातात दिला.