एका हाकेला दिलेली ओ

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. बी.एस्सी. झालेय, केमिस्ट्री घेऊन. अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधतात त्यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त मीच हसते. या ग्रुपवरचे अनुभव मी रोज वाचते, आणि निम्मे वाचून झाल्यावर वाटतं की या माणसानं आधी डोळे तपासून घ्यावेत. तरी आज लिहायला बसलेय, कारण माझ्याकडे दोन व्हिडिओ आहेत आणि त्यांचं काय करावं ते मला कळत नाही.

आम्ही कोऱ्हाळे बुद्रुकचे. ऊस आहे, थोडा भाजीपाला. माझे धाकटे दीर बारामतीत खतं-औषधांचं दुकान चालवतात. स्वाती त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — खतांच्या कंपन्या दुकानदारांना टार्गेट देतात, आणि माल खपला की जोडप्याला फुकट टूर. आधी बँकॉक झालं. मग दुबई झाली. मी काही बोलले नाही. या वर्षी क्रूझ निघाली... मुंबईत बोटीवर चढायचं, लक्षद्वीपची बेटं बघायची आणि परत.

आता मला सांगा, तो माल खपला कुठं? आमच्या रानात. आमचं सगळं खत त्याच दुकानातून येतं. पोती मी उतरवून घेतली, बायांबरोबर खत टाकायला मी गेले, आणि बोटीत कोण बसणार, तर स्वाती. मी तर अजून समुद्रच बघितलेला नाही. लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी अलिबाग कबूल केलं होतं. मग ऊसतोड आली, मग पोरांच्या शाळा, मग दरवर्षी काहीतरी. मुलगा इंजिनिअर व्हायला आला तरी माझं अलिबाग काही आलं नाही. जळत होते मी. त्यात लपवायचं काय?

निघायच्या आधी स्वाती पाया पडायला घरी आली. डोक्यावर गॉगल, पायात पांढरेशुभ्र बूट.

"अक्का, तुमच्यासाठी काय आणू?"

"समुद्र आण थोडा," मी म्हणाले. "बाटलीत भरून."

"आणते की," ती म्हणाली. बिचारीला टोमणा कधी कळतच नाही, त्यामुळे मारायलाही मजा येत नाही.

पहिल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटसवर स्टेटस. बोटीसमोर स्वाती, जिन्यात स्वाती, काचेच्या ग्लासात कसलंतरी निळं सरबत घेतलेली स्वाती. मग बोट लांब गेली, रेंज गेली, स्टेटस बंद झाले. माझं डोकं काही बंद झालं नाही. भाकरी थापताना वाटायचं, आता ही आयतं जेवत असेल. धुणं वाळत घालताना वाटायचं, आता ही वाऱ्यावर खुर्ची टाकून पडली असेल. देवाचं नाव जेवढं घेतलं नसेल तेवढं तिचं घेतलं.

माझं तोंड बघून ह्यांना काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, "चल, तुलाबी बोटीत बसवतो." आणि घेऊन कुठं गेले, तर भिगवणच्या पुढं, इंदापूरच्या हद्दीत, उजनी धरणाच्या पाण्यावर. फ्लेमिंगो बघायला. पत्र्याची होडी, बसायला आडवी फळी, मागं इंजिन आणि एक म्हातारा नावाडी. "ही घे तुझी क्रूझ," हे म्हणाले आणि स्वतःच हसले. मी पदर घट्ट घेऊन तोंड फुगवून बसले.

भर दुपार होती. पक्षी जवळ आले तसं नावाड्यानं इंजिन बंद केलं. हे मोबाइलवर शूटिंग करत होते. मी पक्ष्यांकडे बघतही नव्हते. स्वातीला आत्ता काय दिसत असेल, हाच विचार चालला होता. आणि मागून हाक आली... "अक्काऽ".

स्पष्ट. अगदी पाठीमागून, पाण्याच्या अंगानं. मला अक्का म्हणणारी जगात एकच बाई आहे.

आमच्याकडे असं म्हणतात की माणूस दिसत नसेल तर एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारतंच. माझ्या आईनं हे आम्हाला धपाटे घालून शिकवलं होतं आणि त्यालाही मी हसायचेच. त्या क्षणी हसू आलं नाही, शिकवणही आठवली नाही. मी ताडकन उठले, वळले आणि म्हणाले, "ओ."

मागं कुणी नव्हतं. नुसतं पाणी.

"ताई, उभं ऱ्हाऊ नका," नावाडी म्हणाला. "बसा खाली, बोट कलती."

"कुणी हाक मारली का ओ?" मी ह्यांना विचारलं.

"कोन मारतंय? पक्षी वरडत्यात," हे म्हणाले.

मी बसले. ओठांवर खारट चव आली होती. ऊन होतं, घाम असेल म्हणून पुसून टाकली.

स्वाती परत आली ती बारामतीला न जाता आधी कोऱ्हाळ्यालाच आली. चेहरा उतरलेला, पांढरे बूट काळे झालेले. क्रूझचं पार वाटोळं झालं होतं. खोलीला खिडकी नाही, खाली रात्रंदिवस इंजिनची घरघर. स्विमिंग पूल आपल्या शेततळ्याच्या कोपऱ्याएवढा, त्यात सगळे दुकानदार बनियन घालून उतरलेले. लाटा एवढ्या की छोट्या होड्या खाली सोडताच आल्या नाहीत, म्हणून बेटं लांबूनच दाखवली आणि बोट माघारी फिरवली. ही ओकून ओकून अर्धी झालेली.

"बाटली ऱ्हायलीच, अक्का," ती म्हणाली. "पान्याला हातच लागला न्हाय."

मला इतकं बरं वाटत होतं की हसू आवरायला मी आत जाऊन तिच्यासाठी दुसरा चहा टाकून आले.

"त्यात ती उचकी," ती म्हणाली. "मुंबई सोडली आन् लागली, ती थांबंचना. साखर खाल्ली, डॉक्टरची गोळी खाल्ली. मग ह्यांनी मला वर मोकळ्यावर नेलं. म्हनलं, नावं घे, कोन आठवन काढतंय बघ. आईचं घेतलं, पोरांचं घेतलं, भैनीचं घेतलं. शेवटाला तुमचं."

शेवटाला. तेही मला लागलं.

"वाऱ्यात माझं मलाच ऐकू येईना, म्हनून हाकच मारली. आन् तुमी ओ दिली."

"कुठून?"

"खालनं. पान्यातनं." ती माझ्याकडे बघत होती. "उचकी तितंच थांबली. भ्याले न्हाय मी. तवर नुसती रडत हुते, मग वाटलं, घरचं कोनतरी हाय हितं."

भाऊजी तिच्या उचकीची चेष्टा करायला व्हिडिओ काढत होते. त्यांनी तो लावला. कठडा, वारा, केस उडालेली स्वाती. "अक्काऽ". आणि मग "ओ". माझीच. शेवटी किंचित लांबवलेली, पोरं जिची नक्कल करतात तीच. त्या ओच्या मागोमाग एक म्हातारा आवाज — "ताई, उभं ऱ्हाऊ नका. बसा खाली, बोट कलती." मग नुसता वारा.

"ह्यो म्हातारा कोन ते कळंना," भाऊजी म्हणाले. "बोटीवं सगळी हिंदी-इंग्लिश बोलनारी."

आम्ही उजनीला गेलो होतो हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. ह्यांनी स्वतःचा मोबाइल काढला. दिवस तोच, दुपार तीच. व्हिडिओत आधी पक्षी, मग मी उठते, कॅमेरा माझ्याकडे वळतो. माझं तोंड उघडतं... आणि आवाज येत नाही. पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येतो. नावाड्याचं बोलणं शब्द न् शब्द ऐकू येतं. माझी ओ तेवढी नाही.

मुलाला दाखवलं. त्यानं मायक्रोफोन, सेटिंग, नॉइज असं बरंच काही सांगितलं. मग भाऊजींचा व्हिडिओ पुन्हा लावला आणि मोबाइल माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेला. कुणाकडे उत्तर असेल तर खाली लिहा. मला सापडलेलं नाही.

स्वाती आता उठसूट माझ्याकडे येते, पहिल्यापेक्षा जास्त माया करते. मी घाबरायला हवं होतं, असं सगळे म्हणतात. पण दुपारी कुणी नसलं की मी आमचा व्हिडिओ लावते, माझं उघडलेलं तोंड बघते, आणि मला भीती नाही वाटत, राग येतो. आयुष्यात एकदा माझं काहीतरी समुद्रावर गेलं, तेही हिच्याच टूरवर. समुद्र कसा असतो ते माझ्या त्या ‘ओ’ला माहीत आहे. मला नाही.