डॉक्टरांना मी इंग्रजीत सांगितलं ते

ईशान, मीरा—

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांना, माझ्या मुलालाही नाही. फोनवर सांगायचं ठरवते, आणि मग तिकडच्या हवेची, तुमच्या जेवणाची चौकशी करून फोन ठेवून देते. म्हणून लिहिते आहे. कागदावर मला विषय बदलता येणार नाही—निदान आज तसं वाटतंय.

आजोबांना पक्षाघातानंतर फिट येऊ लागल्या, तेव्हा त्यांना सांभाळायला एजन्सीकडून शमीम आली. हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरांनी एक छोटा स्प्रे दिला होता. फिट आली की दात घट्ट मिटतात, गोळी देता येत नाही; नाकात फवारलेलं औषध मात्र चटकन मेंदूपर्यंत पोचतं, असं त्यांनी समजावलं. सिस्टरनी शमीमकडून ते चार-चारदा करवून घेतलं. घरी ती रोज सकाळी बाटली जागेवर आहे ना, ते बघायची. आजोबा तिला चिडवायचे, "काय शमीम, आज अत्तर लावायचं का?" ती म्हणायची, "आज कुणाचं लगीन न्हाय साहेब. बसा गप."

आणि मी? मी सूचना टाइप केल्या, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातल्या आणि पलंगाजवळच्या भिंतीवर चिकटवल्या. इंग्रजीत. शमीमला त्या वाचता येत नव्हत्या. मग त्या होत्या तरी कोणासाठी?

त्या दुपारी फिट आली. शमीमने त्यांना कुशीवर वळवलं, स्प्रे घेतला, नाकाशी नेला—आणि मी तिचं मनगट धरलं. बाटली काढून घेतली. शुद्ध नसलेल्या माणसाच्या नाकात औषध सोडायचं? ठसका लागला तर? छातीत गेलं तर? असं मला वाटलं, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईच्या आधी हिला सगळं कसं माहीत—तेही मला सोसलं नाही. "थांब, आधी मला वाचू दे," म्हटलं. चष्मा सापडेना.

"बाई, द्या की ती बाटली. लई वेळ होतोय," ती म्हणत होती. रडत म्हणत होती.

मी दिली नाही. अँब्युलन्स आली तेव्हा बाटली माझ्या मुठीत होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, स्प्रे का मारला नाही? शमीम माझ्या शेजारीच उभी होती, आजोबांच्या चपला हातात घेऊन. मी इंग्रजीत उत्तर दिलं—अटेंडंट घाबरली, तिला ते जमलं नाही. इंग्रजीत का? डॉक्टर इथलेच, एरवी आम्ही मराठीतच बोलायचो. त्यांनी शमीमकडे पाहिलं. बाईंनी आपल्याबद्दल काही चांगलं सांगितलं असेल असं समजून तिने मान हलवली.

तुम्हाला नावाने हाक मारणारे आजोबा त्या दिवशी गेले. त्यानंतर वर्षभर ते होते, पण स्क्रीनवर तुम्ही आलात की भिंतीकडे बघत राहायचे. औषध वेळेवर मिळालं असतं तर?—डॉक्टर नक्की सांगू शकले नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही.

बाबांनी तिकडून फोन करून एजन्सीला शमीमचं नाव यादीतून काढायला लावलं. मी त्याला अडवलं नाही. आणि ईशान, तू मला विचारलं होतंस, "आजी, शमीमना साधा स्प्रेसुद्धा मारता आला नाही?" मी म्हटलं, "शिकलेली नव्हती रे ती."

परवा बाजारात ती भेटली. आता घरी बिड्या वळते. माझी पिशवी उचलून तिने रिक्षात ठेवली आणि म्हणाली, "एजन्सीनं का काढलं, अजून कळलं न्हाय बघा. तुमी तर डॉक्टरला माझ्याबद्दल चांगलंच सांगितलं होतं की, बाई."

मी "हो" म्हटलं. मग रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.