खाडीतली सर्वसाधारण सभा

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी बिल्डरने आमच्या चाळीला वसईच्या खाडीत फिरवून आणलं. म्हणजे प्रत्येक खोलीतल्या एका भाडेकरूला. बाबांचा चष्मा आणि फाइल सांभाळायच्या निमित्ताने मी घुसले. चिंचपोकळीहून एसी बस, घोडबंदरच्या धक्क्यावरून मोठी मोटरबोट, बोटीत सुरमई फ्राय. आणि जेवणानंतर सर्वसाधारण सभा. विषय एकच: चाळ रिकामी करून द्यायची.

बाबांची हरकत साधी होती. करारात लिफ्ट होती, जिम होती, गच्चीवरची बागसुद्धा होती. परत कधी यायचं, ते नव्हतं. तारीख कागदावर आल्याशिवाय खोली सोडायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आसपासच्या गल्ल्यांतली कितीतरी माणसं ‘दोन-तीन वर्षांसाठी’ म्हणून गेली, ती अजून विरार-बदलापूरलाच आहेत.

मी पत्रकांवर वाढले. बाबा गिरणी कामगारांच्या सभांची पत्रकं वाटायचे, उरलेली आई डब्यांखाली अंथरायची आणि मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. सहलीच्या आधी मीही एक पत्रक लिहून जिन्यात चिकटवलं होतं. त्यात चाळीचा रिवाज मोठ्या ऐटीत सांगितला होता: आमच्याकडे ठरावावर हात वर करत नाहीत. ज्याचा विरोध, तो उभा राहतो. कुणीच उभं राहिलं नाही, तर ठराव मंजूर.

बोटीत चढताना बिल्डरचा माणूस मला म्हणाला, “ताई, तुमचं पत्रक वाचलं. काय जबरदस्त लिहिता!”

मी मूर्ख. खूश झाले.

बोट सुटली. काळपट पाणी, दोन्ही काठांना तिवरं, तिवरांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. त्या पिशव्या वगळून सेल्फी काढायची सगळ्यांची धडपड चालली होती. समोरच्या खोलीतले काका बाबांचे गिरणीतले जोडीदार. मालकाचा चहा कसा लाथाडला, ते त्यांनी मला लहानपणापासून शंभरदा ऐकवलंय. त्यांनी सुरमई तिसऱ्यांदा मागून घेतली आणि वर “साहेब, मीठ जरा कमी हां!” अशी तक्रार केली. एवढाच काय तो त्यांचा लढा.

हात पुसून होतात न होतात, तोच बिल्डरच्या माणसाने रजिस्टर काढलं आणि ठराव वाचला. मग गोड आवाजात म्हणाला, “आपल्या चाळीच्या पद्धतीप्रमाणे, ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहावं.”

बाबा उठले. त्याबरोबर मागून सुकाणू धरलेला तांडेल ओरडला, “ओ, खाली बसा! बोट कलंडेल!”

एकच कालवा झाला. कुणी बाकड्याला धरलं, कुणी देवाला. काका तोंडातला घास सांभाळत म्हणाले, “बस रे मेल्या, बुडवतलंस सगळ्यांका!”

मी बाबांचा शर्ट ओढला. हो, मीच. ते बसले.

“कुणीही उभं नाही,” बिल्डरच्या माणसाने लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं. “एकमताने मंजूर.” टाळ्या पडल्या. माझ्याच पत्रकातून त्याने आमचा रिवाज उचलला होता आणि जिथे तो पाळताच येणार नाही, तिथे आम्हाला आणून बसवलं होतं. आणि आम्ही बसलो, लाइफ जॅकेटं घालून, ढेकर देत.

धक्क्याला लागल्यावर मी तांडेलाला विचारलं, “एक माणूस उभा राहिला तर एवढी मोठी बोट खरंच कलंडते?”

तो दोरी गुंडाळत हसला. “मी सकाळपासून उभाच आहे की. तुमच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, कोणी उठला की ओरड.”

बाबांनी ते ऐकलं. ते तडक बसमध्ये चढले आणि सीटांच्या मधल्या वाटेत उभे राहिले.

“माझा विरोध आहे. लिहा.”

“सभा संपली,” बिल्डरचा माणूस म्हणाला. रजिस्टर त्याने मांडीखाली घातलं होतं.

“मग परत भरवा.”

“बसा ना, प्लीज. ड्रायव्हरला त्रास होतो.”

“ही बस आहे. ही कलंडत नाही.”

मी बाबांच्या मागे उभी राहिले. आम्ही दोघंच. बाकीच्यांना खिडकीबाहेर एकाएकी फार काही बघण्यासारखं सापडलं. मुलुंडच्या आसपास काकांनी सरकून जागा केली आणि हळूच म्हणाले, “बस रे. पाय दुखतले.”

“दुखू देत,” बाबा म्हणाले आणि चिंचपोकळीपर्यंत उभे राहिले.