आमची रात्र म्हशीला विचारा

मंडळी, आज तालमीच्या फळ्यावर कुस्तीची खबर न्हाय. आज माझा संताप वाचा.

सकाळी दूध कट्ट्यावर गेलतो. तिथं बाबालाल मामा रोज गिऱ्हाइकासमोर धार काढून देत्यात. आज म्हशीनं पान्हा चोरला, दूध वर वढून धरलं. माझा लोटा अर्धाच भरला. "रात्री उकडलं, म्हस बिथरली," मामा म्हणालं.

महाराजांच्या दरबारी कामाला आलेले नागपूरकडचे एक साहेब शेजारी हुभं होतं. त्यांनी उष्णता मोजायची पाऱ्याची नळी काढली. "काल रात्रीचा पारा मी पाहिलाय. आमच्याकडे अशा रात्रीला गारवा म्हणतात. दूध घरीच काढून आलास आणि उकाड्याचं निमित्त सांगतोस?"

तीस वर्षं कट्ट्यावर म्हस बांधणाऱ्या माणसाला चोर म्हणालं की हो!

मामांनी रिकामी चरवी साहेबांच्या हातात दिली. "पावणं, म्हशीला ती नळी दावा की. सोडती काय पान्हा, बघू."

मीबी सुनावलं, "साहेब, हितं उन्हाळ्यातबी पहाटं गार वारा सुटतो. काल सुटलाच न्हाय. आमच्यात तीच गरम रात्र. कट्ट्यावरच्या सगळ्या म्हशींनी आज पान्हा चोरलाय. सगळीच चोर हाईत व्हय?"

साहेब चरवी खाली ठेवून निघून गेलं. माफी न्हाय मागितली.

वडगाव, नेसरी, गडहिंग्लजकडच्या पैलवानांनो, तुमच्या गावात गरम रात्र कशावरनं वळखत्यात? खडू खाली ठेवलाय, लिवा. उद्या साहेबांना हितं आणून मामांच्या समोर सगळा फळा मोठ्यानं वाचायला लावतो.