आप्पांची झोप आणि माठातला बँड

बमरोलीच्या आमच्या नव्या घरात एका दुपारी लग्नाचा बँड वाजला, आणि लग्न कुणाचंच नव्हतं... नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बारावीला होते.

त्याआधी आम्ही एका खोलीत राहायचो आणि भिंतीपलीकडे लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना होता. रात्रंदिवस खटाखट. माझे वडील, आप्पा, त्याच खात्यात रातपाळीला संचे, म्हणजे माग चालवायचे आणि दिवसा त्याच भिंतीला पाय लावून झोपायचे.

मग बमरोलीत आतल्या बाजूला स्वतःचं घर झालं. खाली दोन खोल्या, वर एक, आणि काय ती शांतता! आईला टेपवरची गाणी पहिल्यांदाच नीट ऐकू आली. मागच्या खोलीत शेजारच्या शेवंताकाकूंबरोबर साड्यांना स्टोन चिकटवत बसायची, तेव्हा तिला गाणी लागायचीच.

टेप पुढच्या खोलीत, आई मागे. एवढा मोठा आवाज केला तर वर आप्पा झोपलेले... म्हणून मीच डोकं लढवलं. जुन्या रेडिओंचे स्पीकर भंगारवाल्याकडून आणले, कुंभाराकडून तीन छोटे माठ घेतले आणि प्रत्येक माठाच्या तोंडावर एक स्पीकर बसवला. माठात आवाज असा घुमायचा की विचारू नका.

प्रत्येक खोलीत एक माठ, भिंतीवरून पिवळ्या वायरी आणि टेपजवळ तीन स्विचचा बोर्ड. ज्या खोलीत गाणं हवं, तिचा स्विच लावायचा. मी स्वतःला इंजिनियरच समजत होते, खोटं कशाला बोलू!

वरचा स्विच मात्र आप्पा संध्याकाळी उठल्यावरच. हा आईचा कडक नियम होता. कारण नव्या घरात आल्यापासून आप्पांना झोपच लागत नव्हती...

दिवसभर कूस बदलत पडायचे आणि रात्री तसेच सायकल काढून कामावर जायचे. एकदा संच्यावरच डुलकी लागली आणि शटलचा असा फटका बसला की अंगठा काळानिळा पडला. शेठनं सांगून टाकलं, पुन्हा झोपलास तर दुसरीकडे काम बघ.

आईचा जीव टांगणीला लागला. मग आम्ही घरात चोरासारखे वावरायला लागलो. कुकरची शिट्टी नको, दाराची कडी नको, शेवंताकाकूंना शिंकही पदरात दाबायला लावली होती. एवढं करूनही आप्पांचे डोळे लालच.

आणि मग उंदरानं वायरी कुरतडल्या. मी कॉलेजात होते. आईनं मला न विचारता तुटलेली टोकं पिळून पिळून जोडली, वर प्लास्टिकही गुंडाळलं. मागच्या खोलीची आणि वरची, दोन्ही वायरी पिवळ्याच, त्यामुळे कुठली कुठे गेली ते तो उंदीरच जाणे!

दुसऱ्या दिवशी मी घरीच होते. आईनं मामाच्या लग्नातल्या बँडची कॅसेट लावली आणि मागच्या खोलीचा स्विच दाबला. आवाज येईना, म्हणून आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि मागे जाऊन साडी मांडीवर घेतली. कॅसेटच्या सुरुवातीची बरीच फीत कोरी होती, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

पुढच्या क्षणी आमच्या डोक्यावर, आप्पांच्या खोलीत, बँड फुटला.

आई मांडीवरची साडी टाकून जिन्याकडे धावली, खोलीभर स्टोन उधळले. मी टेपपाशी जाऊन उभी राहिले. वरच्या दारातून तिनं हातानं खूण केली, बंद कर. संच्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून खात्यातली माणसं हातांनीच बोलतात. आईनं ते आप्पांकडून उचललं होतं.

मी स्विच बंद केला... आणि त्याच क्षणी आप्पा ताडकन उठून बसले.

"संचा काबर बंद पडना?" संचा का बंद पडला, असं विचारत होते.

आई म्हणाली, "संचा नही हो, टेप शे तो!"

आप्पांनी माठाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. बँड वाजत होता तेव्हा ते चक्क घोरत होते, आईनं दारातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती तिथेच पायरीवर बसली आणि आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला.

"चालू कर वं," आप्पा मला म्हणाले आणि परत आडवे झाले. मी बँड लावला. संध्याकाळपर्यंत ते हलले नाहीत. दर अर्ध्या तासानं मी कॅसेट पलटत होते आणि खाली शेवंताकाकू विचारत होत्या, "आता वरात कुठवर आली गं?"

रात्री कामाला निघताना भाकरी खाता खाता आप्पा आईला म्हणाले, "आवाज ऱ्हायना म्हंजे कोनीतरी जागं शे. मंग माले झोप लागस." आवाज असला की वाटतं, कोणीतरी जागं आहे... मग मला झोप लागते. माझे कमी बोलणारे आप्पा एवढं बोलून सायकल काढून निघूनही गेले.

मग बँड रोजच वाजू लागला. त्यांचा अंगठाही बरा झाला आणि कामही टिकलं. गल्लीत नवीन कोणी राहायला आलं की विचारायचं, तुमच्याकडे रोज कुणाचं लग्न असतं हो?

आज माझ्या घरात मुलं धुडगूस घालतात, टीव्ही मोठ्यानं चालू असतो आणि मी सोफ्यावर ढाराढूर झोपलेली असते. नवऱ्याला कळतच नाही, एवढ्या गोंधळात हिला झोप येते कशी... मला कळतं. घरातली सगळी जागी आहेत आणि मला झोपू देतायत, याहून मोठं सुख मला तरी माहीत नाही.