माझ्या नावावरची पावलं

घरून काम करणाऱ्या माणसाची मला किळस येते, आणि त्यात पहिला नंबर माझा. वर इस्त्रीचा शर्ट, खाली तीन दिवस न बदललेली बर्मुडा. कीबोर्डच्या फटींत चिवड्याचा चुरा आणि त्या चुऱ्यावर मुंग्या. टेबलाखाली तांब्या, त्यात पाणी कालचं. चार वर्षं मी असा जगलो, आणि तेही गोंदियाकडच्या बिरसी विमानतळाजवळच्या आमच्या गावात, जिथे माझ्या मायनं सारवलेल्या अंगणात कधी काडी पडू दिली नाही.

काम सांगण्यासारखं नाही. एका कंपनीचं सॉफ्टवेअर बिघडलं की लोक चिडून लिहितात, मी त्यांना गोड उत्तर लिहितो. आधी हे पुण्यात बसून करत होतो. मग कंपनी म्हणाली, घरूनच करा. बाबा वारले होते, माय एकटी होती, मी गावाला आलो. पोरगा मायसाठी आला असं गावाला वाटलं. मीही तसंच सांगत असे. खरं कारण म्हणजे मला पुण्यात रोज स्वतःची भांडी घासायचा कंटाळा आला होता.

समोरच्या खोलीत टेबल टाकलं आणि घराला शिस्त लावली. मिटिंग चालू असताना चुलीवरचा गंज, पातेलं आपटायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, दारातून कुणाला हाक मारायची नाही. आमच्या गावावरून विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांची छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालतात. त्यांना मी गप्प करू शकत नव्हतो, मायला करू शकत होतो. ती स्वतःच्याच घरात दबकत वावरायला लागली. चहाचा कप टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायची आणि मागे फिरायची. मी मान वर करत नसे.

मग मागच्या दिवाळीनंतर कंपनीला आमच्या तब्येतीचा उमाळा आला. प्रत्येकाच्या घरी पावलं मोजणारा एक मनगटी पट्टा आला. रोज दहा हजार पावलं, दुपारच्या ताटाचा फोटो आणि शुक्रवारी श्वासाचे व्यायाम. आमच्या टीम लीडर मॅडम गच्चीवर चटई अंथरून सांगायच्या, काम आणि जगणं यांचा तोल सांभाळा. त्याच संध्याकाळी सात वाजता ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणून मिटिंग लावायच्या, ती साडेआठला संपायची. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं.

पहिल्या दिवशी माझी पावलं झाली सहाशे बारा. पलंग ते टेबल, टेबल ते न्हाणी. सगळ्यांची यादी रोज सकाळी ग्रुपवर यायची, आणि माझं नाव तळाला. मॅडमनी माझ्या नावापुढे झोपलेल्या कासवाचं चित्र टाकलं. त्यावर चाळीस जण हसले. मला फार राग आला. खरं तर त्या रागात मी चालायला जायला हवं होतं. मी पट्टा काढला आणि धान कापायला निघालेल्या मायच्या मनगटात घातला.

“हे का होय?” तिनं विचारलं.

“राहू दे हातात. तू किती चालली ते मोजते.”

“बापा! चालाचं बी मोजते का कोनी?” असं म्हणत, हसत ती विळा घेऊन गेली.

संध्याकाळी ती परतली आणि पट्टा माझ्या फोनला जुळला. सोळा हजार चारशे. दुसऱ्या दिवशी यादीत मी तिसरा. कासव गेलं, टाळ्या आल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच, आणि तोंडानं सांगायला आज लाज वाटते, पण त्या दिवशी छाती फुगली होती. लोक विचारायला लागले, इतकं कसं जमतं? मी लिहिलं, पहाटे उठतो, शेताच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं चालतो, दवात पाय भिजले की मन शांत होतं. धुऱ्यावर मी वर्षभरात दोनदा गेलो असेन.

पुढे त्या आकड्याचं व्यसनच लागलं. माय दारात आली की तिच्या चेहऱ्याआधी मी तिचं मनगट बघायचो. आकडा कमी असला की माझं तोंड उतरायचं, आणि तिला ते बरोबर कळायचं. “उद्या करतो बाबू,” म्हणायची. जेवणं झाली की मारुतीच्या देवळापर्यंत दोन फेऱ्या जास्तीच्या घालून यायची. शेजारची काकी तिला वाटेत विचारायची, काऊन वो, या वयात कोनाच्या मागं धावून राहिली? माय नुसती हसायची.

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते इथेच सांगून टाकतो. मायला साखरेचा आजार. तळपायांना काही लागलं तर कळत नसे. कापलेल्या धानाचा एक खुंट तिच्या उजव्या पायाच्या बोटांमध्ये घुसला, आणि ते तिला दोन दिवसांनी, चपलेला चिकटलेलं रक्त बघून समजलं. तिनं हळद भरली, चिंधी बांधली आणि वरून माझा जुना मोजा चढवला. मोजा मी पाहिला होता. थंडी वाजत असेल, असं समजलो.

एका आठवड्यात आकडा नऊ हजारांवर आला, मग सहावर. “माय, मी खाली चाललो ना यादीत,” मी म्हणालो. हे वाक्य मी उच्चारलं आहे. माझ्याच आवाजात ते मला अजून ऐकू येतं आणि तोंड कडू होतं. ती म्हणाली, “हाव बाबू.” दुसऱ्या दिवशी दहा हजार दोनशे. त्या पायानं ते कसे झाले, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

त्याच दिवसांत घरात घाण वास यायला लागला. गोडसर, कुजका, नाकातून घशात उतरणारा. आधी मी धान उकडून उसना तांदूळ करणाऱ्या मिलला शिव्या घातल्या. मग नालीला. मग ठरवलं की पोत्यांमागे उंदीर मेला आहे. कापणीनंतर घरात धान आलं की उंदीर येतातच. एका रविवारी नाकाला रुमाल बांधून मी सगळी पोती हलवली. माय माझ्याबरोबर वाकून वाकून कोपरे बघत होती, बॅटरी धरत होती. उंदीर सापडला नाही. मी म्हणालो, “या घरात मानसानं राहावं कसं? शिसारी येऊन राहिली मले.” संध्याकाळपासून तिनं निखाऱ्यावर धूप टाकायला सुरुवात केली. धुरानं मला खोकला यायचा आणि मिटिंगमध्ये अडचण व्हायची, म्हणून मी तेही बंद करायला लावलं.

तो शुक्रवार आला. श्वासाच्या व्यायामाऐवजी मॅडमनी मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. विषय, घरून काम करताना तोल कसा सांभाळावा. लोका सांगे ब्रह्मज्ञान. मी दाढी केली, मागच्या भिंतीवरचं जाळं काढलं, खाली बर्मुडा तीच. बोलायला लागलो तर शब्द आपोआप येत होते. घरच्यांसोबत वेळ घालवा, म्हणालो. शरीर काय सांगतंय ते ऐका, म्हणालो. नाकात तो वास भरला होता, गालावर माशी बसत होती, आणि मी हसऱ्या चेहऱ्यानं ती वारत होतो.

तेवढ्यात काकी सरळ खोलीत शिरली. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

“तुही माय बोअरिंगजवळ बसून राहिली. उठता येत नाई तिले. पाय सडला तिचा, किडे पडले त्यात, अन् तू कायले दात काढून राहिला रे?”

माइक चालू होता. पलीकडे कुणाला तिची बोली कळली नसावी. मॅडम हसून म्हणाल्या, घर म्हटलं की हे चालायचंच, प्लीज म्यूट करा. आणि मी, माझ्या मायचा पाय सडला असं ऐकूनही, आधी म्यूट केलं. मग उठलो. त्या दोन सेकंदांची मला सगळ्यात जास्त घृणा आहे.

माय हातपंपाच्या ओट्याला टेकून बसली होती. मोजा अर्धा निघाला होता, अर्धा कातडीला चिकटला होता. आत जे होतं ते मी लिहिणार नाही. मी तिथेच ओकलो. काकीनं मला बाजूला सारलं आणि मायला उचलून रिक्षात बसवलं.

गोंदियातल्या डॉक्टरांनी मोजा कापून काढला आणि विचारलं, “माताजी, इस पैर पे आप चल कैसे रही थीं?”

माय तापानं फणफणली होती, तरी तिला उत्तर द्यायची घाई झाली. “लडके का नंबर जा रहा था न, साहेब.”

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

दोन बोटं कापली. उरलेला पाय राहील की घोट्यापासून जाईल, ते जखम किती स्वच्छ ठेवता त्यावर आहे, असं डॉक्टर म्हणाले. रोज दोनदा पट्टी बदलायची. मी ग्रुपवर लिहून टाकलं की ती सगळी पावलं माझ्या मायची होती आणि त्यात तिची दोन बोटं गेली. हात जोडलेली चित्रं आली, बदाम आले. दुसऱ्या दिवशी मॅडमचा निरोप आला की स्पर्धेच्या नियमांप्रमाणे माझं नाव यादीतून काढावं लागेल, आणि हो, आईंना लवकर बरं वाटो. मी दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. ती मिळाली, आणि त्याबद्दल मी कुणाचे आभार मानले नाहीत.

घरी आल्यावर पट्टी मीच बदलायचो. काकी करते म्हणाली होती, मी नाही म्हटलं. कापूस ओला करायचा, हळूहळू पुसायचं, जिवंत मांस दिसलं की थांबायचं. पाचव्या दिवशी सपरीत, घरापुढच्या पडवीत, खाट टाकली होती, उन्हात माय पडून होती, आणि मी तिचा पाय मांडीवर घेतला होता.

“घान येते का रे तुले?” तिनं विचारलं.

नाही हा शब्द ओठांवर आलाच होता. “येते,” मी म्हणालो. “लय येते.”

“तं तोंड तिकडं कर अन् पूस.”

मी तसं केलं नाही. पुसत राहिलो. त्या दिवशी पहिल्यांदा जखमेच्या कडेनं गुलाबी रंग धरला होता. पाय पुढे वाचला, पण तेव्हा ते ठाऊक नव्हतं. इतके दिवस आत कोंडलेलं मग बाहेर आलंच.

“मले एकदा सांगाचं होतं ना, माय. एकदा तरी. मी तं दिवसभर घरीच होतो.”

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिला खरोखरच मी काय म्हणतोय ते समजलं नव्हतं.

“घरी कुठं होता, बाबू?” ती म्हणाली. “घरी तं मी एकटीच होती.”