पाहुण्यांची गॅलरी

आमच्या पेणच्या खाडीपट्ट्यात कबड्डी सोडून दुसरा खेळ कुणाला ठाऊक नव्हता. आमच्या गावाला फुटबॉलचं वेड लागलं ते बोटीवर नोकरी करणाऱ्या एका माणसामुळं. सुट्टीवर येताना त्यानं खरा चामड्याचा बॉल आणला आणि मिठागराच्या कडेच्या मोकळ्या जागेत पोरं तो बडवू लागली. बघता बघता टीम उभी राहिली. माझा दादा त्या टीमचा गोली होता. मिठागरात पाट्या वाहून त्याचे खांदे असे भरले होते की तो गोलमध्ये उभा राहिला की समोरच्याला मागचं काही दिसायचंच नाही.

पण खरं वेड दादाला नव्हतं, वहिनीला होतं. ती नागोठण्याकडची, भात आणि वाल पिकवणाऱ्यांच्या गावातली. लग्न होऊन आली तेव्हा बॉल तिनं हातातही धरला नव्हता. वर्षभरात तिला सगळे नियम पाठ झाले. गावात मॅच असली की ती बांधावर उभी राहून असं ओरडायची की रेफ्री आधी तिच्याकडं बघायचा. आई म्हणायची, "सुनेनं जरा हळू बोलावं गो." वहिनी मान डोलवायची आणि पुढच्या मॅचला पुन्हा तेच. परगावच्या मॅचला मात्र बायकांनी जायची पद्धत नव्हती. दादा परत आला की त्याला जेवायला वाढता वाढता ती सगळी मॅच त्याच्याकडून खोदून काढायची. कोणी पास दिला, कोणी चुकवलं, गोल खाल्लास तेव्हा तू उभा कुठं होतास. दादा बिचारा भात गिळत उत्तरं द्यायचा.

रोह्यापर्यंत रेल्वे येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. होळीनंतरचे दिवस होते. रोह्याच्या एका मंडळानं स्पर्धा भरवली आणि आमची टीम चक्क फायनलला पोचली. वहिनीनं आईपुढं जाऊन सरळ सांगितलं, "मी जानार." आई माझ्याकडं बघून म्हणाली, "तू जाशील तर जाऊ दे तिला." मी तेव्हा पेणला कॉलेजात होते आणि फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण रोहा बघितलेलं नव्हतं, म्हणून हो म्हणाले.

वर्गणी काढून टेम्पो ठरवला. पोह्याचे पापड लाटून वहिनीनं साठवलेले पैसे तिनं आमच्या दोघींच्या वर्गणीला दिले. टेम्पो मिठाचा होता. झाडून घेतला होता तरी फटीफटीत मीठ, आणि बसायला गोणपाट. टीम पुढं, आम्ही गावची माणसं मागं. नागोठण्यापर्यंत गाणी चालली होती. पुढं गाणी थांबली, कारण तोंडात धूळ जात होती. वाटेत निडी गावात उतरून सगळ्यांनी तोंडं धुतली. माझ्या पायाला चप्पल घासून फोड आला होता आणि त्यात मीठ गेलं होतं. मी रडकुंडीला आले. वहिनी म्हणाली, "अगो, अजून मॅच सुरू पन नाय झाली आनि तू आत्ताच रडतंस?"

रोह्याला लागून वरसे गाव आहे, त्या बाजूच्या मैदानात मॅच होती. दारातच पहिला धक्का बसला. तिकिटाला दोन खिडक्या होत्या. रोहेकरांचा भाव वेगळा आणि बाहेरून आलेल्यांचा वेगळा, जवळजवळ दुप्पट. आमच्यातला एक म्हातारा भांडायला लागला, "आमी पाव्हनं ना? पाव्हन्याला कोन जास्त पैसं लावतं?" खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला, "काका, गॅलरी तुमच्यासाठीच बांधलीय. तिचा खर्च हाय." वहिनीनं पदराची गाठ सोडली आणि तिकिटं घेतली. परतीच्या वाटेवर नागोठण्याला माहेरी थांबायचं आणि तिच्या आईसाठी काहीतरी न्यायचं तिनं ठरवलं होतं. ते पैसे त्या खिडकीतच गेले.

आत गेल्यावर गॅलरी दिसली. रोहेकरांच्या बाजूला मांडव, खुर्च्या, पाण्याचे पिंप. आमच्या बाजूला बांबू आणि वासे काथ्यानं बांधून त्यावर फळ्या टाकलेल्या, चढत्या पायऱ्यांसारख्या. वर छप्पर नाही, आणि दुपारचं ऊन सरळ तोंडावर. फळीवर बसले तर ती तव्यासारखी तापलेली. मी ओढणी घडी करून खाली घेतली. पाण्याची काही सोय नव्हती. शिट्टी वाजायच्या आधीच माझा घसा कोरडा पडला होता आणि मला वाटत होतं, लोक पैसे मोजून हे का करतात? घरी पंखा आहे, माठ आहे, बातमी संध्याकाळी कळतेच.

वहिनीला यातलं काही जाणवतच नव्हतं. ती सगळ्यांत वरच्या फळीवर जाऊन बसली. "वरून सगळं मैदान दिसतं," म्हणाली.

मॅच सुरू झाली. रोह्याची पोरं पायात चांगले बूट घालून आलेली, चपळ. आमच्यातले निम्मे कॅनव्हासच्या बुटात. तरी दादानं एक बॉल असा अडवला की समोरच्या मांडवातूनही "अरे!" असा आवाज आला. वहिनी उभी राहून ओरडत होती, "सोडू नको! पुढं ये, पुढं ये!" तिच्याबरोबर सगळी गॅलरी उठत होती आणि बसत होती. प्रत्येक वेळी फळ्या करकरायच्या. मी खाली बघितलं तर बांबूच्या मधून माती दिसत होती.

थोड्या वेळानं मला राहवेना. बायकांसाठी मैदानात काहीच सोय नव्हती. मी वहिनीच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, "मागच्या घरात विचार. मी नाय येत, कॉर्नर हाय." गॅलरीच्या मागं नवीन बांधलेली दोन-तीन घरं होती. पहिल्याच घरात एक बाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पेनवाली काय?"

"व्हय."

"मॅचला आलेली ही तिसरी," ती आत कुणाला तरी म्हणाली. मग मला, "चपला बाहेर काढ. आनि पाणी बेतानं वापर, नळ एकदाच येतो."

मला लाज वाटली, रागही आला. पण गेले. मागच्या अंगणात संडास होता. मी आत असतानाच तो आवाज आला. आधी कडकड, लाकडं फोडल्यासारखी. मग एक मोठा धप्प. आणि मग शेकडो माणसांचं एकदम ओरडणं. मला वाटलं, गोल झाला. आपण गोल केला, असंच वाटलं मला, आणि तो बघायला आपण नव्हतो म्हणून वहिनी आता चिडवणार, असंही वाटून गेलं.

मी बाहेर आले तर ती बाई ओट्यावर उभी होती. सूप खाली पडलेलं, तांदूळ सगळीकडं. ती मैदानाकडं बघत होती. मीही बघितलं. जिथं आमची माणसं बसली होती तिथं कुणीच नव्हतं. नुसती धूळ. त्या धुळीतून बांबूंची टोकं वर आलेली.

मी पळाले असेन. मला आठवतं ते एवढंच की पायाला फोड होता आणि चपला त्या घरापाशीच राहिल्या होत्या, तरी काही दुखलं नाही. धुळीत माणसं उठत होती, खोकत होती. आमचा तो भांडणारा म्हातारा एका फळीवर बसून "माझी टोपी, माझी टोपी" करत होता, आणि त्याच्या कपाळावरून रक्त वाहत होतं. मी वहिनीला हाका मारत होते. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता.

मैदानातून दादा धावत येताना दिसला. गोल मोकळा सोडून. त्याच्यामागं दोन्ही टीमची पोरं, आणि त्यांच्यामागं समोरच्या मांडवातली सगळी माणसं. ती गर्दी आमच्यावर चाल करून येतेय असं मला क्षणभर वाटलं, खरंच भीती वाटली. पण ते आले आणि वासे उचलायला लागले. कुणी कुणाला विचारत नव्हतं. रोह्याचा पुढं खेळणारा तो उंच पोरगा, ज्याला वहिनी मघाशी शिव्या देत होती, त्यानं आणि दादानं मिळून एक मोठा वासा उचलला. त्याच्याखाली वहिनी होती.

ती शुद्धीवर होती. तोंड पांढरं फटक. उजवा पाय गुडघ्याखाली जिथं वाकायला नको तिथं वाकला होता. मी तो पाय बघितला आणि खालीच बसले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "बाय, तू खाली नव्हतीस ना?" मी नुसती मान हलवली.

तिला न्यायचं कशावरून, असा आरडाओरडा सुरू झाला. तेवढ्यात त्या घरातली बाई आली. तिच्या नवऱ्यानं आणि तिनं मिळून न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांतून उचकटून आणलं होतं. नवं, रंग दिलेलं दार. "ह्याच्यावर घ्या," ती म्हणाली. "आनि पाय हलवू नका." वहिनीच्या डोक्याखाली तिनं स्वतःची चादर सरकवली.

नशिबानं जीव कुणाचा गेला नाही. डोकी फुटली, हात मोडले, एकाची बरगडी गेली. जवळच एका डॉक्टरचा दवाखाना होता, त्यानं वहिनीचा पाय सरळ करून पट्ट्या बांधल्या. तेव्हा ती एकदाच ओरडली. मग डॉक्टर म्हणाला, प्लास्टर अलिबागला, जीप मागवलीय, यायला वेळ लागेल. दवाखान्याच्या ओसरीत ते दार तसंच ठेवून वहिनीला त्यावर निजवलं. दादा तिच्याजवळ उकिडवा बसला होता, तोंडभर माती.

मंडळाचे एक वयस्कर गृहस्थ आले. हात जोडूनच आले. "पाव्हनं, आमची चूक झाली. मॅच रद्द करतो. कप दोघांचा."

दादा काही बोलायच्या आत वहिनी बोलली. "कशाला रद्द?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"अर्धी राहिलीय ना? खेळतील. जा हो तुमी."

दादा म्हणाला, "येडी झाल्येस काय?"

"येडी नाय. इतक्या लांब आलो, मिठात बसलो, उनात भाजलो, दुप्पट पैसं दिलं, पाय मोडला. आता निकाल नाय बघता घरी जाऊ व्हय? गाडी येईस्तवर मी तरी काय करनार हितं? छत बघत पडू?"

मला वाटलं, तिच्या डोक्याला मार लागलाय. डॉक्टरकडं बघितलं, तर तो हसावं की रागवावं या विचारात. मी दादाला म्हटलं, "दादा, तू नाय जायचं." आणि दादा उठला. गेला. जाताना त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला, बस्स. माझा विश्वासच बसेना. बायकोचा पाय मोडलेला आणि हा माणूस बॉल अडवायला चाललाय.

ज्यांना उभं राहता येत होतं ती आमची सगळी पोरं खेळायला उभी राहिली. आणि वहिनीला, दारासकट, चार रोहेकरांनी उचलून समोरच्या मांडवात नेलं. पुढच्या खुर्च्या हलवून दार दोन बाकांवर ठेवलं. कुणी डोक्यामागं उशी दिली, कुणी लिंबू सरबत आणलं. ती घरातली बाई माझ्या चपला हातात घेऊन आली आणि आमच्याजवळच बसली. सावलीत वारा येत होता. आमच्या बाजूला नुसता बांबूंचा ढीग पडला होता आणि त्याच्याकडं मला बघवत नव्हतं.

वहिनी त्या मांडवात, रोहेकरांच्या मधोमध, आडवी पडून आपल्या टीमसाठी ओरडत होती. आवाज बसला होता, मधूनच कळ आली की दात आवळायची, मग पुन्हा सुरू. आजूबाजूची माणसं आधी वळून वळून बघत होती. मग एकजण म्हणाला, "वैनी, तुमचा गोली लय भारी हाय." ती म्हणाली, "हाय ना. पन डावीकडं कच्चा हाय, तुमच्या पोरांना सांगू नका." मी तोंडावर हात ठेवला. ती शुद्धीत बोलतेय की दुखण्याच्या भरात, तेच मला कळत नव्हतं.

शेवटी गोल डावीकडूनच झाला. आम्ही हरलो. जीप येऊन उभी होती, आणि शिट्टी वाजेपर्यंत वहिनीनं तिला थांबवून ठेवलं. दादा जीपमध्ये चढला तेव्हा ती त्याला पहिलं वाक्य म्हणाली, "पाय आधी का हलवलास?" आणि मग एकदम रडायला लागली, लहान पोरीसारखी, हमसून हमसून. दादाही. ड्रायव्हर पुढं बघत राहिला.

पाय जुळला, पण थोडा आखूड राहिला. चढावावर ती अजून उजवा हात मांडीवर टेकून चढते. दार देणारी ती रोह्याची बाई दोनदा आमच्याकडं येऊन गेली, एकदा वालाच्या शेंगा घेऊन. मंडळानं औषधपाण्याचा खर्च दिला, निम्मा का होईना. आणि वहिनी दुसऱ्याच वर्षी पुन्हा टेम्पोत चढली. मी नाही गेले. त्या दिवसानंतर लाकडी फळीवर मला बसवतच नाही, साध्या बाकावरसुद्धा मी आधी हात दाबून बघते.

त्या संध्याकाळी घरी सांगायला मीच आले होते, टेम्पोतून. आई दारात उभी होती. माझ्याबरोबर सून नाही, मुलगा नाही, हे बघून ती भिंतीला धरून खाली बसली. मी सगळं सांगितलं, गॅलरी, पाय, दार, अलिबाग, मॅच हरलो तेही. ती ऐकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी थांबले तशी तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बारीक आवाजात विचारलं,

"मग किती गोलांनी हरली गो आपली पोरं?"